चेकसम जुळत नाही तेव्हा: कमांड लाइनवरून फाइली पडताळताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

जुनी भजने, नाट्यप्रयोगांची ध्वनिमुद्रणे आणि हस्तलिखित वह्यांची स्कॅन केलेली पाने संगणकावर जपून ठेवणाऱ्या गोव्यातील मंडळींकडून एक अडचण वारंवार ऐकू येते. वाळपईला हार्ड डिस्कवर भरलेला संच पणजीला पोचतो, तिथे तो चेकसमच्या (फाइलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या, तिची ओळख पटवणाऱ्या अक्षरांच्या) यादीशी ताडून पाहिला जातो, आणि शेकडो फाइलींपुढे ‘ओके’ येत असताना मधल्याच चार-दोन फाइलींपुढे ‘फेल्ड’ उमटते. पडताळणी पुन्हा केली तर कधी त्याच फाइली नापास होतात, कधी भलत्याच. शेवटी कोणीतरी कंटाळून पणजीतल्या प्रतीवरूनच नवी यादी तयार करतो. नवी यादी त्या प्रतीशी जुळणारच. पडद्यावर सगळीकडे ‘ओके’ दिसते आणि काम पुढे सरकते.

या शेवटच्या पायरीइतके नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. यादी मूळ ठिकाणी, मूळ फाइलींवरून एकदाच तयार करावी आणि पडताळणी फसली म्हणून ती कधीही नव्याने तयार करू नये. बिघडलेल्या प्रतीवरून काढलेला चेकसम त्या बिघाडालाच प्रमाण ठरवतो आणि पुढे मूळ डिस्क निकामी झाली, की खरी फाइल कोणती हे सांगायला काहीच उरत नाही. ‘फेल्ड’ दिसले की यादीला हात न लावता कारण शोधावे. ते बहुधा सापडते, आणि बऱ्याचदा फाइल ठणठणीत असते.

खालील कमांड लिनक्स या कार्यप्रणालीसाठी आहेत आणि देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान अक्षरांत, इंग्रजी अंकांसह आणि जिथे जागा सोडलेली नाही तिथे जोडून टाइप कराव्यात. यादी तयार करण्यासाठी मूळ फोल्डरमध्ये जाऊन ही कमांड द्यावी:

फाइंड . -टाइप एफ -एक्झेक शा२५६सम {} + > ../यादी.टीएक्सटी

आणि प्रत पोचलेल्या ठिकाणी, त्या फोल्डरमध्ये जाऊन ही:

शा२५६सम -सी ../यादी.टीएक्सटी

यादीचा पत्ता ‘../’ने सुरू होतो, म्हणजे यादी फोल्डरच्या बाहेर ठेवली जाते, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी तक्रारींचा एक मोठा वाटा तिथूनच येतो. यादी त्याच फोल्डरमध्ये लिहायला सांगितली, तर शेल (कमांड चालवणारी प्रणाली) आधी रिकामी यादी-फाइल तयार करते, मग ‘फाइंड’ला इतर फाइलींसोबत ती यादीही सापडते आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेतच तिचाही चेकसम तिच्यात लिहिला जातो. यादी पूर्ण झाल्यावर तिचा मजकूर अर्थातच वेगळा असतो, म्हणून दर पडताळणीत नेमकी एक फाइल नापास होते आणि ती फाइल म्हणजे यादी स्वतःच असते. अशा वेळी संपादकात उघडून यादीतील ती एक ओळ काढून टाकणे एवढेच पुरेसे आहे.

पुढे जाण्यापूर्वी संदेश नीट वाचावा. पडद्यावर ‘फेल्ड’ हा शब्द दिसला की पुढचे वाचायचे राहून जाते. परंतु इथे तीन निरनिराळे संदेश येऊ शकतात आणि त्यांचा अर्थ पूर्णपणे वेगळा आहे. नुसते ‘फेल्ड’ असेल, तर फाइल उघडली, संपूर्ण वाचली आणि चेकसम वेगळा आला. ‘फेल्ड ओपन ऑर रीड’ असेल, तर फाइल सापडली नाही किंवा वाचता आली नाही. तिचा मजकूर बरोबर की चूक, याबद्दल संगणक काहीच म्हणत नाही. ‘नो प्रॉपर्ली फॉरमॅटेड चेकसम लाइन्स फाउंड’ अशा अर्थाचा संदेश असेल, तर कमांडला यादीच वाचता आलेली नाही. फाइलीच्या मजकुराशी संबंध आहे तो फक्त पहिल्या संदेशाचा.

तिसऱ्या संदेशाचे कारण लवकर सापडते. यादीच्या प्रत्येक ओळीत शा-२५६ या पद्धतीचा ६४ अक्षरांचा चेकसम, मग एक रिकामी जागा, मग आणखी एक रिकामी जागा किंवा तारांकन, आणि शेवटी फाइलीचे नाव, अशी मांडणी लागते. ईमेलमधून उतरवून घेताना दोन जागांची एक झाली किंवा नाव गळाले, की ओळ निरुपयोगी ठरू शकते. विंडोजवर पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ चिन्हाने फाइलीत वळवलेले उत्तर यूटीएफ-१६ या सांकेतिक रूपात लिहिले जाते. डोळ्यांना ती यादी व्यवस्थित दिसते, लिनक्सवरील कमांडला मात्र त्यात एकही धड ओळ सापडत नाही. ‘फाइल यादी.टीएक्सटी’ ही कमांड ते रूप सांगते आणि ‘आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-१६ -टी यूटीएफ-८’ने ते बदलता येते. हे रूपांतर मूळ यादी बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर करावे.

दुसऱ्या संदेशाबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यातला एक प्रकार मराठी नावे वापरणाऱ्यांनाच विशेष भोवतो. साधी कारणे दोन. यादी एका फोल्डरमधून केली आणि पडताळणी दुसऱ्याच फोल्डरमधून चालवली, तर पत्ते जुळत नाहीत. यादी नोटपॅडमध्ये उघडून जतन केली असेल, तर ओळींच्या शेवटी विंडोजच्या पद्धतीचे एक जादा अदृश्य चिन्ह चिकटू शकते आणि कमांडच्या जुन्या आवृत्त्या ते चिन्ह नावाचाच भाग समजून तशी फाइल शोधू लागतात. ‘डॉस२युनिक्स’ने ते निघून जाते.

तिसरे कारण नावातल्या अक्षरांत असते. ‘किनाऱ्यावरील छायाचित्रे’ असे फोल्डरचे नाव घेऊ. यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे लिहिता येते आणि पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि मग हलन्त देतात. काहींमधून साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त असे तीन तुकडे येतात. काही जुन्या पद्धतींत ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे चिन्ह येते. संगणकाच्या लेखी ही तीन वेगवेगळी नावे आहेत. त्यात भर अशी, की मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलप्रणालीत ‘ऱ’ आपोआप ‘र’ आणि नुक्ता असा फोडून साठवला जातो. लिनक्सवर तयार केलेली यादी आणि मॅकवरून फिरून आलेली डिस्क यांची गाठ पडली, की ‘ऱ’ असलेली सगळी नावे ‘फेल्ड ओपन ऑर रीड’ दाखवतात आणि बाकीची सुखरूप पार पडतात. नापास झालेल्या सगळ्या नावांत ‘ऱ’ दिसला, तर डिस्कवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

खात्री करायची असेल, तर ‘एलएस | एक्सएक्सडी’ देऊन नावाचे बाइट पाहावेत. स्वतंत्र ‘ऱ’ असेल तर ‘ई० ए४ बी१’ हे तीन बाइट दिसतात. फोडलेला असेल तर ‘ई० ए४ बी०’ आणि त्यामागे नुक्त्याचे ‘ई० ए४ बीसी’. ‘कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर .’ ही कमांड फोडलेली नावे पुन्हा जोडून देते. प्रत्यक्ष बदल करण्यासाठी तिला ‘--नोटेस्ट’ असेही सांगावे लागते, एरवी ती काय बदलेल तेवढेच दाखवते. जॉइनर वापरून लिहिलेले नाव मात्र तिने बदलत नाही, ते हातानेच बदलावे लागते. काहीजण यावर उपाय म्हणून फाइलींना मराठी नावे देऊच नयेत असे सुचवतात. मला ते पटत नाही. भजनाचे नाव भजनाच्याच भाषेत राहावे; फक्त ज्या संगणकावर यादी केली जाते, तिथे एकदा नावे एकसारखी करून मगच यादी काढण्याची शिस्त पाळावी.

आता नुसत्या ‘फेल्ड’कडे वळू. चेकसम किती वेगळा आला यावरून काहीही कळत नाही, कारण शा-२५६ ची रचनाच अशी आहे, की फाइलीतला एक बिट बदलला तरी ६४ अक्षरे ओळखू येणार नाहीत इतकी बदलतात. म्हणून प्रथम आकार पाहावा. ‘एलएस -एल’ने दोन्ही प्रतींचे बाइट मोजून घ्यावेत. मिळालेला चेकसम ‘ई३बी०सी४४२’ने सुरू होत असेल, तर आकार पाहण्याचीही गरज नाही: शून्य बाइटांच्या रिकाम्या फाइलीचा शा-२५६ चेकसम नेहमी याच अक्षरांनी सुरू होतो. एमडी५ या चेकसमच्या जुन्या पद्धतीत रिकाम्या फाइलीची खूण ‘डी४१डी८सीडी९’ अशी आहे. या दोन खुणा ओळखता येऊ लागल्या, की बराच वेळ वाचतो. आणि मूळ यादीतच अशी ओळ असेल, तर फाइल मूळ ठिकाणीच रिकामी होती हे उघड होते.

आकार सारखा असूनही चेकसम वेगळा येत असेल, तर तीच फाइल त्याच संगणकावर पुन्हा मोजावी. दर खेपेस उत्तर वेगळे येत असेल, तर दोष फाइलीत नसून वाचण्याच्या वाटेवर कुठेतरी आहे: केबल, यूएसबीचे जोडटोक किंवा संगणकाची रॅम. मात्र इथे एक मेख आहे. लिनक्स एकदा वाचलेली फाइल रॅममध्ये धरून ठेवते आणि दुसऱ्या खेपेस डिस्ककडे न जाता तिथूनच वाचते. म्हणून सदोष वाचनही दोनदा सारखेच उत्तर देऊ शकते. डिस्क अनमाउंट करून (प्रणालीतून रीतसर सोडवून), काढून, पुन्हा लावून मगच दुसरी मोजणी करावी. रॅमचा संशय पक्का होत असेल, तर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवावा. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत जोडटोकांना गंज चढतो. केबल बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो आधी करावा.

पेनड्राइव्हबाबतही हेच. कॉपी पूर्ण झाल्याची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली, तरी मजकूर अजून रॅममध्ये वाट पाहत असू शकतो. लगेच पडताळणी केली तर ती रॅममधल्या प्रतीची होते आणि जुळते. पेनड्राइव्ह तसाच ओढून काढला तर त्याच्यावर अपुरी फाइल राहते. ‘सिंक’ कमांड देऊन, ती पूर्ण होईपर्यंत थांबून, पेनड्राइव्ह रीतसर बाहेर काढून पुन्हा लावल्यावर केलेली पडताळणी तेवढी खरी.

दोन्ही प्रती हाताशी असतील, तर खरे उत्तर ‘सीएमपी -एल’ देते. ही कमांड दोन फाइलींतला प्रत्येक वेगळा बाइट, त्याच्या स्थानासह, एकेका ओळीत मांडते, आणि त्या ओळींची ठेवण पाहून कारण ओळखता येते. वेगळा बाइट एखादाच असेल आणि त्यातही एकच बिट उलटा असेल, तर रॅम किंवा वहनातला दोष समजावा. एका ठिकाणापासून शेवटपर्यंत सलग शून्ये असतील, तर कॉपी अर्ध्यावर तुटलेली आहे. काही प्रोग्राम कॉपी सुरू करतानाच फाइलीचा पूर्ण आकार राखून ठेवतात, म्हणून पावसाळ्यात कॉपी चालू असताना वीज गेली, तर आकार अचूक आणि पोटात शून्ये अशी फाइल मागे राहते. एमपी३ फाइलीच्या शेवटच्या १२८ बाइटांतच फरक असेल, तर दोष कोणाचाच नाही: गायकाचे नाव वगैरे माहिती ठेवणाऱ्या आयडी३ टॅगची पहिली आवृत्ती नेमकी तिथे, ‘टॅग’ या तीन अक्षरांनी सुरू होऊन, बसते. दुसरी आवृत्ती बहुधा फाइलीच्या सुरुवातीला असते आणि तिची लांबी बदलली की फाइलीचा आकारही बदलतो.

हे टॅगचे प्रकरण मुद्रणांच्या संग्रहात फार वेळा घडते. वास्कोच्या दामोदर सप्ताहातले एखादे भजन कोणी ऐकण्यासाठी म्हणून प्लेअरमध्ये उघडतो, प्लेअर गायकाचे नाव किंवा पसंतीचे तारे फाइलीतच लिहून ठेवतो, आवाज तसूभरही बदलत नाही, पण चेकसम बदलतो. छायाचित्रांत आडवा फोटो उभा करून जतन केला, तरी हेच होते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र फोटो म्हणून पाठवले तर ते वाटेत लहान केले जाते, त्यामुळे तिकडे पोचलेली फाइल वेगळीच असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी पोचते. जतनाची प्रत आणि ऐकण्या-पाहण्याची प्रत वेगळी ठेवावी आणि जतनाच्या प्रतीवरील लिहिण्याचा अधिकार ‘सीएचमॉड -आर ए-डब्ल्यू’ने काढून घ्यावा (इथला ‘-आर’ मात्र इंग्रजी मोठ्या अक्षरात टाइप करावा).

फाइल वाचताना ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली, तर मात्र सगळे प्रयोग थांबवावेत. तो डिस्क मोडत असल्याचा इशारा असतो आणि प्रत्येक नवे वाचन तिच्यावर भार टाकते. ‘डीडीरेस्क्यू’ने आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसरीकडे उतरवून घ्यावी, चेकसमचा विचार नंतर करावा.

कारण कळल्यावर नापास फाइल पुन्हा आणायची, तेव्हा बहुतेक जण ‘आरसिंक’ ही कॉपी करणारी कमांड पुन्हा चालवतात आणि ‘फेल्ड’ जसेच्या तसे राहते. याचे कारण असे, की आरसिंक एरवी फक्त आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहते. दोन्ही सारखी असतील तर ती फाइल तपासलेली आहे असे धरून पुढे जाते. आतून बिघडलेल्या, पण आकार व वेळ तीच असलेल्या फाइलीला ती कधीच हात लावणार नाही. ‘-सी’ हा पर्याय दिला तर ती मजकूर मोजून ठरवते. फाइली थोड्या असतील, तर बिघडलेली प्रत काढून टाकून नव्याने आणणे अधिक सोपे.

सगळे ‘ओके’ आल्यावरही दोन गोष्टी उरतात. ‘शा२५६सम -सी’ची पडताळणी यादीत असलेल्याच फाइली पाहते. फोल्डरमध्ये यादीबाहेरची एखादी जादा फाइल आली असेल तर ती तिला दिसत नाही. उलट ‘--इग्नोर-मिसिंग’ हा पर्याय वापरला, तर यादीत असून डिस्कवर नसलेल्या फाइलीविषयीही ती गप्प राहते; संपूर्ण संच पडताळताना तो पर्याय वापरू नये. ‘डब्ल्यूसी -एल’ने यादीतील ओळी आणि ‘फाइंड . -टाइप एफ | डब्ल्यूसी -एल’ने फाइली मोजून दोन्ही आकडे सारखे आहेत हे पाहावे.

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींच्या बाबतीत कारणे थोडी निराळी असतात. हॉटेलातल्या किंवा ग्रंथालयातल्या वायफायवर लॉगिन संपले असेल, तर आयएसओच्या (कार्यप्रणाली बसवण्यासाठीच्या डिस्क-प्रतिमेच्या) नावाने लॉगिनचे एचटीएमएल पानच उतरते. ‘फाइल’ कमांड ते लगेच सांगते. कधी दिलेला चेकसम झिपसारख्या दाबलेल्या फाइलीचा असतो आणि लोक उलगडलेली फाइल मोजतात. तोच मजकूर पुन्हा झिप केला, तरी आत नोंदलेल्या वेळा बदलल्याने चेकसम वेगळा येऊ शकतो. आयएसओ पेनड्राइव्हवर लिहून मग संपूर्ण पेनड्राइव्ह मोजला, तर त्यावरची उरलेली जागाही मोजली जाते. ‘हेड -सी’ला आयएसओचा नेमका आकार बाइटांत सांगून तेवढाच भाग ‘शा२५६सम’कडे द्यावा.

चेकसमची लांबीही पाहावी: ३२ अक्षरे एमडी५ ची, ४० शा-१ ची, ६४ शा-२५६ ची आणि १२८ बहुधा शा-५१२ ची. एका पद्धतीचा चेकसम दुसरीशी ताडून पाहिल्याच्या तक्रारी वाटतात त्याहून जास्त आहेत. विंडोजवर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल नाव शा२५६’ किंवा पॉवरशेलचे ‘गेट-फाइलहॅश’ आणि मॅकवर ‘शासम -ए २५६’ हेच उत्तर देतात. पॉवरशेल मोठ्या अक्षरांत छापते, त्याने फरक पडत नाही. नवी यादी एमडी५ किंवा शा-१ मध्ये करू नये. एमडी५ मध्ये दोन वेगळ्या मजकुरांचा एकच चेकसम येतो हे २००४ मध्ये आणि शा-१ मध्ये तेच २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवले गेले आहे. वहनातला अपघाती बिघाड पकडायला त्या आजही पुरतात, म्हणून जुन्या याद्या फेकून देण्याचे कारण नाही.

चेकसम जुळला म्हणजे फाइल यादीतल्यासारखी आहे, एवढेच सिद्ध होते. यादी कोणी लिहिली हे त्यातून कळत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका वाणाच्या संकेतस्थळात शिरकाव करून आयएसओच्या दुव्यांमागे छेडछाड केलेली फाइल ठेवली गेली होती. ज्याला फाइल बदलता येते त्याला त्याच पानावरचा चेकसमही बदलता येतो. म्हणून डेबियनसारखे प्रकल्प चेकसमच्या यादीवर स्वतंत्र सही देतात आणि ती ‘जीपीजी --व्हेरिफाय’ने तपासावी लागते. आपल्या लहान संग्रहासाठी इतके करणे जमत नसेल, तर निदान यादी फाइलींच्या डिस्कवरच एकटी ठेवू नये. ती ईमेलने वेगळी पाठवावी आणि एक प्रत छापून संस्थेच्या कपाटात ठेवावी. यादीच्या फाइलीचाही शा-२५६ चेकसम काढून तो डिस्क स्वीकारणाऱ्याला दूरध्वनीवर, आठ-आठ अक्षरांच्या आठ गटांत वाचून दाखवावा, आणि समोरच्याने तो आपल्या पडद्यावरून उलट वाचून दाखवल्यावरच ‘-सी’ची कमांड द्यावी.